टोळीतली मांत्रिक पहिल्याच फेरीत मेली, काय चुकलं? (धाग्याचं नाव बदललंय, कारण खाली प्रतिसादांत आहे)

गुहेतलं_घुबड
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

डीएम (खेळ चालवणारी) म्हणून माझं पहिलंच कॅम्पेन, म्हणजे लांबलचक मोहीम, चालू आहे. डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रचत खेळायचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. पाच खेळाडू, सगळे पाचव्या लेव्हलचे. दलदलीतल्या लिझर्डफोक (सरड्यासारखी माणसं) टोळीची मी तीन सेशन हवा केली होती. झाडांना टांगलेल्या मगरींच्या कवट्या, रात्री पाण्यावरून येणारा ढोलाचा आवाज, आणि पकडलेला एक लिझर्डफोक "म्हातारी तुमची हाडं वाचेल" एवढंच बोलून गप्प झालेला. खेळाडू खरंच टरकले होते.

शेवटी म्हातारी समोर आली. लिझर्डफोक शमन (टोळीची मांत्रिक), एचपी (किती मार सोसेल तो आकडा) २७. इनिशिएटिव्हमध्ये (पाळीचा क्रम) आमचा विझार्ड, म्हणजे जादूगार, पहिला. फायरबॉल, आगीचा गोळा. आठ फाशांची बेरीज ३१, तिचा सेव्ह (बचावाचा फासा) फसला. म्हातारी खलास.

टेबलावर दोन क्षण शांतता, आणि मग एकजण म्हणाला, "एवढंच?"

तो "एवढंच?" अजून टोचतोय. पुढच्या वेळी एचपी दुप्पट करू? लेव्हल वाढवू? की असे आदिवासी मांत्रिक चालवायचं काही वेगळं तंत्र असतं?

रिकामी_पोतडी
रुमाल टाकून ठेवतो. विझार्डला सलाम कळवा.

अर्धा_फासा
एचपी दुप्पट करून फार तर एक फेरी वाढेल. फायरबॉलची सरासरी २८ आणि म्हातारीचे एचपी २७. ती त्याच्यासमोर उघड्यावर येऊन उभी राहिली तिथेच खेळ संपला होता. आकडे ठीक आहेत, ती उभी कुठे होती ते बघा.

आता तिची स्पेलची (मंत्रांची) यादी काढा. एन्टँगल, फॉग क्लाउड, हीट मेटल, स्पाइक ग्रोथ, कॉन्ज्युर अ‍ॅनिमल्स. पाचही कॉन्सन्ट्रेशनवाल्या, म्हणजे लक्ष एकवटून टिकवायच्या. एका वेळी एकच टिकणार, दुसरी टाकली की पहिली गेली. नवा डीएम दर फेरीला नवी स्पेल टाकतो आणि स्वतःचीच आधीची मोडतो. मीही हे केलंय, आणि खेळाडूंनी हसू दाबलेलं मला दिसलंय.

मी असं चालवेन. पार्टी (खेळाडूंचा गट) काठाला यायच्या आधीच स्पाइक ग्रोथ, म्हणजे जमिनीत काटे. वीस फूट त्रिज्या, दर पाच फुटांना २डी४ (दोन चारतोंडी फासे) नुकसान, आणि टाकताना पाहिलं नसेल तर पर्सेप्शन (नजरेचा फासा) जमल्याशिवाय जमीन साधीच दिसते. तिचे स्वतःचे लोक पाण्यातून फिरतात, त्यांना काट्यांचं काय! स्पेल पडली की म्हातारी मगर होते (चेंज शेप, स्टॅट ब्लॉकमध्येच, म्हणजे पुस्तकातल्या तिच्या माहितीच्या चौकटीतच आहे, कुणी वापरत नाही) आणि पाण्याखाली जाते. स्पेल टिकते दहा मिनिटं, लिझर्डफोकचा दम टिकतो पंधरा. शिवाय पूर्ण बुडालेल्याला आगीपासून रेझिस्टन्स असतो, म्हणजे तोच ३१चा फायरबॉल १५वर येतो. तेही ती नेमकी कुठे आहे हे विझार्डला कळलं तर.

तुमच्यात कुणी प्लेट घातलेला आहे का?

गुहेतलं_घुबड
आहे. पॅलाडिन, धर्मयोद्धा. आणि त्याला त्या चिलखताचा फार अभिमान आहे.

अर्धा_फासा
मग हीट मेटल. दर फेरीला बोनस अ‍ॅक्शनने २डी८, नुकसानाला सेव्हच नाही. तलवार तापली तर टाकून देता येते. प्लेट उतरवायला पाच मिनिटं लागतात आणि स्पेल एक मिनिटाची. बिचारा. मात्र त्यासाठी म्हातारीला डोकं वर काढावं लागेल, म्हणजे तुमच्या विझार्डलाही संधी मिळते. ती द्यावीच.

कोबोल्डकाका
घुबडताई, स्वागत. अर्ध्याने डावपेच सांगितले, मी जरा जुनं उकरतो. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खाली सरकावं.

हा प्रकार आला कुठून? अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या १९७९च्या डीएम पुस्तकात 'ट्रायबल स्पेल कास्टर्स' नावाचा छोटासा भाग आहे. त्यात दोन जाती. शमन म्हणजे टोळीचा क्लेरिक (देवाकडून जादू मिळालेला पुजारी). विच डॉक्टर म्हणजे त्याच्या जोडीला थोडी मॅजिक-यूजरची (विझार्डची) जादूही येणारा. कुठल्या टोळीत कुठल्या लेव्हलपर्यंत चढता येईल त्याची मर्यादा ठरलेली, आणि स्पेलची यादीही कापलेली. हेतू साधा होता: गुहेतल्या शंभर ऑर्कमध्ये (खेळातली एक राक्षस-जात) एखादा तरी असा हवा जो खेळाडूंची स्लीप (झोपवणारी) स्पेल ओळखेल. एवढीच त्याची नोकरी. तो झोपतो कुठे, शिकला कुणाकडे, त्याला टोळी का पोसते, यावर चकार शब्द नाही.

मग १९८०च्या देवदेवतांच्या पुस्तकात या मंडळींना देव मिळाले. ऑर्कांना ग्रूम्श, गॉब्लिनांना मॅग्लूबियेट, कोबोल्डांना (आमच्या!) कुर्टुलमाक, लिझर्डफोकना सेमुआन्या. माझ्या मते खरा बदल मात्र जून १९८२च्या 'ड्रॅगन' मासिकात झाला, रॉजर मूर यांच्या ऑर्कांच्या देवांवरच्या लेखात. देव जगाची वाटणी करायला चिठ्ठ्या टाकतात. एल्फांना जंगल जातं, ड्वार्फांना डोंगर, असं करत सगळं वाटून होतं आणि ग्रूम्शच्या वाट्याला काहीच उरत नाही. बाकीचे देव हसतात. ग्रूम्श भाला घेऊन डोंगर फोडतो, माळ करपवतो आणि म्हणतो, माझी लेकरं इथेच राहतील, तुमच्या प्रत्येकाच्या जागेत. ही गोष्ट ऑर्क पुजाऱ्याच्या तोंडून एकदा खेळाडूंना ऐकवून बघा. फायरबॉल टाकणाऱ्याचा हात एखादा क्षण तरी थांबतो.

पुढचं पटकन. १९९३मध्ये असे ह्युमनॉइड (ऑर्क, गॉब्लिन वगैरे) घेऊन खेळायचं अख्खं पुस्तक आलं, त्यात शमन आणि विच डॉक्टर ही किट्स (पात्रांचे तयार साचे) होती. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत 'अ‍ॅडेप्ट' नावाचा एनपीसी (डीएम चालवतो ती पात्रं) क्लास आला. त्याच्या पहिल्याच पातळीच्या यादीत जखम भरणं, झोपवणं आणि बर्निंग हँड्स, तिन्ही. गावचा वैद्यही तोच आणि जाळणाराही तोच. मला तो क्लास अजून आवडतो.

आणि २००८च्या चौथ्या आवृत्तीतला गॉब्लिन हेक्सर! त्याच्यावर कुणी लांबून नेम धरला की तो शेजारच्या गॉब्लिनला पुढे करतो आणि तो वार त्याच्यावर जातो. नियमांच्या दोन ओळींत अख्खी टोळी दिसते. शेजारी कोण उभं राहतं? ज्याला नाही म्हणता येत नाही तो.

रिकामी_पोतडी
काका, आमच्या ऑफिसातही एक हेक्सर आहे. हलकं घ्या.

निळी_शाई
धागा छान रंगलाय. एक विनंती, घुबड, राग मानू नका. नावात 'आदिवासी मांत्रिक' आहे ते बदलता येईल का? 'ट्रायबल'ला शब्दकोशात तो शब्द मिळतो खरा, पण मराठीत आदिवासी म्हणजे खरीखुरी, जिवंत माणसं. राक्षसांच्या पुस्तकातल्या सरड्यांना ते नाव नको. 'टोळी' पुरेल.

मूळ शब्दही तसे निरागस नाहीत. 'विच डॉक्टर' हा इंग्रजीत आधी चेटूक उतरवणाऱ्यासाठी होता, करणाऱ्यासाठी नव्हे. पुढे युरोपीय प्रवाशांनी तो आफ्रिकेतल्या वैद्यांना सरसकट चिकटवला, आणि साहसकथांमधून तो पिसं, कवट्या नि मुखवट्यांसकट या खेळात उतरला. 'शमन' सायबेरियातल्या तुंगुसी भाषांमधून रशियनमार्गे आला. काही अभ्यासक तो आणखी मागे, आपल्या 'श्रमण'पर्यंत नेतात. त्यावर वाद आहे, पण श्रमणापासून निघून मगरीच्या कवटीपर्यंत पोचलेला शब्द म्हणून मला गंमत वाटते.

जून २०२०मध्ये डी अँड डीच्या प्रकाशकांनी स्वतःच कबूल केलं की ऑर्क आणि ड्राव (भुयारातले एल्फ) यांची जुनी वर्णनं खऱ्या जगातल्या वंशांची जशी बदनामी केली जाते तिच्या वळणावर गेली होती. त्यानंतर गॉब्लिन 'फे' (परीलोकातले) झाले, २०२५च्या मॉन्स्टर पुस्तकातून ऑर्कांचे वेगळे स्टॅट ब्लॉकच गेले, आणि लिझर्डफोक शमनच्या जागी आता 'जिओमॅन्सर' आहे, तोही एलिमेंटल (महाभूतांच्या वर्गातला).

गुहेतलं_घुबड
बदललं. राग कसला, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

सतरा_अधिक_दोन
मी विरोधी पक्षात बसतो. फासे हातात घेतल्यावर समाजशास्त्र कशाला? खेळाडूला लढाईत एका नजरेत कळायला हवं की कुणाला आधी आडवं करायचं. पिसं, मुखवटा, कवटीची काठी ही त्यासाठीची पाटी आहे. पाटी काढून टाकलीत तर सगळे लिझर्डफोक सारखेच दिसतील आणि लढाई नुसती मोजदाद होईल. 'जिओमॅन्सर' म्हणा की आणखी काही, टेबलावर तो "काठीवाला"च असतो.

आणि घुबड यांच्या खेळाडूंनी अगदी बरोबर केलं. मांत्रिकाला आधी मारा, हा पहिला धडा.

कोबोल्डकाका
सतरा, पाटीचा मुद्दा मान्य. पण पाटी खेळाडूंना दिसते तशी टोळीलाही दिसते ना? टोळीला माहीत आहे की परके आले की आधी म्हातारीवरच येतात. दोनचार पिढ्यांत काहीतरी शहाणपण आलं असेल. मुखवटा दुसऱ्याच कुणालातरी घालून पुढे उभा करतील. म्हातारी मागे मासे सोलत बसलेली असेल.

सतरा_अधिक_दोन
हे मात्र झकास आहे. चोरतो.

धुक्याचा_पडदा
डी अँड डीच्या बाहेरही बघा की. रूनक्वेस्टमध्ये (पहिली आवृत्ती १९७८) शमन हा 'छोटा क्लेरिक' नाहीच. त्याचं काम आत्म्यांशी. त्याच्या जोडीला 'फेच' असतो, त्याच्याच आत्म्याचा जागा झालेला दुसरा भाग म्हणा. शमन देह सोडून आत्म्यांच्या जगात जातो तेव्हा मागे देहाची राखण फेच करतो. लढाईत तुम्हाला दिसतो तो शेकोटीशी मांडी घालून बसलेला, डोळे उघडे, हलत नसलेला एक ट्रोल. आमच्या गटाने एकदा त्याला मेलेला समजून खिसे चाचपले होते. पुढचं सांगत नाही.

आणि रूनक्वेस्टचंच १९८२चं ट्रोलपॅक. ट्रोलांचं खाणं, आया, देवी, इतिहास, सगळं त्यांच्या बाजूने. स्टॅफर्ड आणि पीटरसन यांचं काम. त्यात मांत्रिक 'शत्रूंमधला जादूगार' उरतच नाही, कारण शत्रू हा शब्दच डळमळतो.

सतरा_अधिक_दोन
मला डळमळायचं नाहीये हो, मला शनिवारी खेळायचंय.

निळी_शाई
एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. टोळीतला जादूगार जादू शिकतो कशी? विझार्डला पुस्तक लागतं. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळातल्या गॉब्लिनांची तर अशी समजूत की लिहिलं की शब्द डोक्यातून चोरीला जातात, त्यामुळे ते लिहिण्याला घाबरतात. म्हणजे तिथे पुस्तकी विझार्ड जवळपास अशक्य. मग जन्मजात सॉर्सरर, नाहीतर देवाचा क्लेरिक, नाहीतर कुणाशी तरी करार केलेला वॉरलॉक. पाचव्या आवृत्तीत गॉब्लिन भाषेत जादूला 'बूयाग' म्हणतात, आणि ती ज्याला येते त्याला ती कशी आली याला फार महत्त्व नसतं. मला ते पटतं. जिथे शाळा नाही तिथे जे मिळेल ते.

पण मग म्हातारी मेली की तिच्याबरोबर काय काय गेलं, हे कुणी मोजलंय का?

अर्धा_फासा
मी मोजलंय. शाईताईंचा प्रश्न वाचून यादी पुन्हा उघडली आणि जरा चपापलो.

मघाशी मी पाच स्पेल सांगितल्या. कँट्रिप (कितीदाही टाकता येणाऱ्या छोट्या स्पेल) सोडले तर सहावी एक आहे, प्लांट ग्रोथ. सहांपैकी कॉन्सन्ट्रेशन न लागणारी तेवढी एकच. लढाईत तिचा उपयोग वाट अडवण्यापुरता, म्हणून मी ती वगळलीच होती. पण तिचा दुसरा वापर वाचा. आठ तास बसून टाकली की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली झाडंझुडपं वर्षभर दुप्पट अन्न देतात.

अर्धा मैल. एक वर्ष. दुप्पट.

आणि ही तिसऱ्या पातळीची स्पेल. तिच्याकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट (दिवसात तेवढ्याच वेळा टाकता येतं) दोन, आणि कॉन्ज्युर अ‍ॅनिमल्सही त्यातूनच जाते. म्हणजे त्या दिवशी लढाईत मगरी बोलावायच्या की दलदल पिकवायची, हिशेब त्याच दोन स्लॉटचा.

सतरा_अधिक_दोन
लिझर्डफोक शेती करतात?

अर्धा_फासा
सर्वभक्षी आहेत. कंदमुळं, देठ, बिया. शिवाय झाडोरा वाढला की मासे, बदकं, हरणं सगळंच वाढतं. नांगर लागत नाही.

कोबोल्डकाका
वा! चाळीस वर्षं ही पुस्तकं चाळतोय, पण स्टॅट ब्लॉक असा कधी वाचला नव्हता. लगेच ऑर्कांचं काढून बघितलं. 'आय ऑफ ग्रूम्श': ब्लेस, कमांड, ऑग्युरी, स्पिरिच्युअल वेपन. जखम भरणारी एकही नाही! टोळीचा पुजारी, पण कुणाचं बोट कापलं तर त्याला काही करता येत नाही. तो फक्त लढाईला आशीर्वाद देतो आणि शकुन बघतो. बरं करायचं काम लूथिक देवीच्या बायकांचं, आणि त्या पुस्तकात आल्या थेट २०१६मध्ये. त्याच पुस्तकात यूर्ट्रस या ऑर्कदेवाचा पुजारी आहे, ज्याला बोलता येत नाही आणि स्पेलला शब्द लागत नाहीत. तुमच्या क्लेरिकने मोठ्या ऐटीत सायलेन्स (आवाज बंद करणारी स्पेल) टाकली तर तो नुसता बघत राहील.

ऑग्युरीवर एक सांगायचंय. पुढच्या अर्ध्या तासाचा शकुन: भलं, वाईट, दोन्ही किंवा काहीच नाही. ही स्पेल डीएमनेही प्रामाणिकपणे चालवावी. माझ्या टेबलावर ऑर्क पुजाऱ्याने हल्ल्याआधी हाडं टाकली. मी पार्टीची तयारी बघितली (दारामागे तेलाची पिंपं, दोन धनुर्धारी) आणि मनात म्हटलं, वाईट. ऑर्क आलेच नाहीत. खेळाडू रात्रभर पिंपांशेजारी बसले! दुसऱ्या दिवशी त्यांनी पुजाऱ्याशी बोलायला माणूस पाठवला, कारण इतका अचूक शकुन बघणारा त्यांनाही हवा होता.

धुक्याचा_पडदा
दंडवत, काका.

गुहेतलं_घुबड
मंडळी, कालच सेशन झालं. लांबलंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हातारी मेली ती मेलीच, तिला परत आणली नाही. अर्धा_फासा यांचा प्रतिसाद वाचून मी तिला एक शिष्य दिला. अर्धवट शिकलेला, फॉग क्लाउड आणि हीट मेटल एवढंच येणारा. मुखवटा त्याने घातलाच नव्हता, तो ढोलवाल्याला घातला (काका, आभार). विझार्डने अर्थातच ढोलवाला उडवला. तेवढ्यात वेतातून शिष्याने पॅलाडिनचं चिलखत तापवलं. तीन फेऱ्या त्याने सहन केलं आणि चौथ्या फेरीला सरळ डबक्यात उडी मारली. पाण्यात गेल्याने स्पेल थांबत नाही हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग शिष्याने स्वतःच स्पेल सोडली आणि हात वर करून बाहेर आला. मी ठरवलं होतं की तो धमकी देईल. पण तोंडातून वेगळंच निघालं. त्याने विचारलं, "तुमच्यात हिरवं बोलणारं कुणी आहे का?"

आमच्याकडे ड्रुइड (निसर्गाची जादू येणारी) आहे. पाचव्या लेव्हलची. प्लांट ग्रोथ तिच्या यादीत येते, हे तिच्या आधी बाकीच्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. शिष्याने दाखवलं: दलदलीच्या कडेने काळे पडलेले देठ, आणि पिल्लांची एक रांग. नेमका हाच हंगाम होता म्हातारी बसायचा. मी वाचून दाखवलेल्या वर्णनात गेल्या वेळी ती मगरींसाठी हात वर करत होती. तो स्लॉट कशासाठी राखलेला होता हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

आता गोची अशी: आठ तास ड्रुइडला त्यांच्या मधोमध बसावं लागेल, आणि ज्यांची म्हातारी आपण मारली तेच भोवती उभे असणार. पॅलाडिन म्हणतो, करायचं. रोग, म्हणजे आमचा चोर, म्हणतो, बदल्यात काय मिळेल ते आधी ठरवा. ड्रुइड अजून काहीच बोललेली नाही. तिथेच थांबवलं, सगळ्यांना उशीर झाला होता.

निळी_शाई
आणि विझार्ड?

गुहेतलं_घुबड
तो म्हणाला, माझ्याकडे अजून एक फायरबॉल शिल्लक आहे, एवढं फक्त लक्षात असू द्या.

सतरा_अधिक_दोन
पुढचं सेशन कधी आहे?